पेंडीत उरलेलं तेल

महीच्या पात्रात फाजलपूरला किंवा दोडक्याला गेलात, तर नदीत उभी असलेली सिमेंटची जाडजूड विहीर दिसते. बडोद्यात तिला सगळे 'फ्रेंच वेल' म्हणतात. वरून ती पाण्याच्या टाकीसारखी दिसते, पण तिचं खरं काम वाळूच्या पोटात चालतं. तळाशी भोकं पाडलेले आडवे नळ चहूबाजूंनी वाळूत घुसवलेले असतात. वाळूतून गाळून आलेलं पाणी त्यांत उतरतं, मधल्या विहिरीत जमतं आणि पंपाने शहराकडे येतं. उभी विहीर थराला एकाच जागी छेदते. आडवा नळ त्याच थरातून लांबवर जातो, म्हणून तो कितीतरी जास्त पाणी ओढतो. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी सकाळी नळाला पाणी आलं की आजोबा म्हणायचे, "महीमाता आली." ती कुठून आणि कशी आली, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

या युक्तीचं मूळ तेलात आहे. लिओ रॅनी नावाच्या अमेरिकी अभियंत्याने 1920च्या दशकात आडव्या विहिरींचा विचार केला तो तेलासाठी. तेलाचे भाव पडले तेव्हा त्याने तीच पद्धत पाण्याला लावली, आणि अशी पहिली पाण्याची विहीर 1933 मध्ये लंडनला झाली. म्हणजे ज्या कल्पनेचं पाणी आपण पितो, ती आपल्या पायाखाली आहे तशा तेलासाठीच जन्मली होती. गेल्या दोन दशकांत ती पुन्हा तेलाकडे वळली आहे, आणि खंभातच्या खोऱ्यातही, म्हणजे गुजरातच्या आपल्या तेलपट्ट्यातही, तिच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं जातं.

मी या खोऱ्यातल्या विहिरींच्या उत्पादनाचे आलेख पाहण्यात नोकरीची वर्षं घालवली. त्या जोरावर एक गोष्ट आग्रहाने मांडतो आहे. घट्ट खडकातल्या, म्हणजे तेलाला सहज वाट न देणाऱ्या खडकातल्या, आडव्या विहिरीला आपण पहिल्या महिन्याच्या धारेवर जोखतो. हे चुकीचं आहे आणि महागातही पडतं. विहिरीने आयुष्यभरात खडकातलं किती तेल काढलं आणि किती मागे सोडलं, हा हिशेब आधी मांडायला हवा, आणि तो लोकांना दिसेल असा मांडायला हवा.

खंभातच्या खोऱ्याचा मान मोठा आहे. 1958 मध्ये लुणेजला तेल-वायू लागला, 1960 मध्ये अंकलेश्वर सापडलं, आणि 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली. बडोद्याच्या दोन पिढ्यांचे संसार यावर उभे राहिले. मकरपुरा रोडवरच्या तेल कंपनीच्या कचेरीत जाणारी बस आणि रात्री वायव्येला दिसणारी कोयलीची ज्योत, यांच्या साक्षीने आम्ही वाढलो. पण सोपं तेल आता उतरणीला लागलं आहे. देशाचं कच्च्या तेलाचं उत्पादन 2011-12 मध्ये सुमारे 3.8 कोटी टन होतं, ते आता 2.9 कोटी टनांच्या आसपास घुटमळतं. 2015 मध्ये देशाने ठरवलं होतं की आयातीवरचं अवलंबित्व 77 टक्क्यांवरून 2022 पर्यंत दहा टक्क्यांनी खाली आणायचं. ते उलट 87 टक्क्यांच्या पुढे गेलं.

म्हणून नजर वळते ती घट्ट खडकांकडे. आपल्या खोऱ्यात 'कॅम्बे शेल' नावाचा, चिखलापासून बनलेल्या दगडाचा जाड, काळसर थर आहे. अंकलेश्वरपासून मेहसाण्यापर्यंतचं बरंच तेल शिजलं ते याच थरात. तिथून ते वरच्या वाळूखडकांत सरकलं आणि आपण ते काढलं. पण सगळं सरकलं नाही. काही त्या शेलमध्ये आणि त्याला लागून असलेल्या गच्च गाळाच्या थरांमध्ये अडकून राहिलं. 2013 मध्ये सरकारने शेलसाठी धोरण आणलं. 2018 मध्ये त्यात भर पडली, आणि 2025 मध्ये 1948च्या तेलक्षेत्र कायद्यात दुरुस्ती होऊन शेल तेल-वायूला कायद्याच्या व्याख्येतच जागा मिळाली. कागदावर वाट मोकळी झाली आहे.

खडकाची वाट मात्र वेगळी आहे. चांगल्या वाळूखडकाची पारगम्यता, म्हणजे द्रवाला वाट देण्याची क्षमता, शेकडो मिलिडार्सी (हे तिचं एकक) असते. घट्ट खडकाची 0.1 मिलिडार्सीपेक्षाही कमी. हा फरक नुसत्या वेगाचा असता, तर "उशिरा का होईना, येईल" म्हणून वाट पाहता आली असती. पण विहिरीत दाब कमी झाल्याची बातमी खडकातून पुढे सरकायला लागणारा वेळ पारगम्यतेच्या उलट प्रमाणात वाढतो, आणि अंतराच्या तर वर्गाने. ज्या वाळूखडकात ती बातमी शंभर मीटरवर एका दिवसात पोचते, त्याहून हजारपट घट्ट खडकात, बाकी सगळं सारखं धरलं तर, तिला पावणेतीन वर्षं लागतात. दोनशे मीटरवर पोचायला अकरा. तोवर विहिरीजवळचा दाब संपलेला असतो, तेलात विरघळलेला वायू सुटून बाहेर पडतो आणि तेलाच्या वाटेत स्वतःच आडवा येतो. पाण्याच्या दाबाने पाडलेल्या भेगा उघड्या ठेवण्यासाठी जी वाळू आत ढकलली, ती हळूहळू खडकात रुतते आणि भेगा मिटायला लागतात.

आडवी विहीर आणि टप्प्याटप्प्याने पाडलेल्या भेगा यांनी आपण खडकाशी संपर्क वाढवतो, खडकाचा स्वभाव बदलत नाही. म्हणून अशा विहिरींचा आलेख जगभर एकसारखा दिसतो. सुरुवातीला उंच उडी, पहिल्याच वर्षात निम्म्याहून मोठी घसरण, आणि मग वर्षानुवर्षं ओढलेली बारीक शेपटी. अमेरिकेतल्या बाकेनसारख्या क्षेत्रात, जिथे हजारो आडव्या विहिरी झाल्या, तिथेही खडकात असलेल्या तेलापैकी साधारण पाच ते दहा टक्केच वर येतं. नव्वद टक्के खालीच राहतं.

हे समजावून सांगताना मला घाणा आठवतो. शेंगदाण्याचं तेल दाबून काढलं तरी पेंडीत तेल उरतंच. चांगल्या एक्स्पेलरच्या पेंडीतही सहा-सात टक्के. आणखी दाब देऊन ते येत नाही. मग पेंड सॉल्व्हंटच्या कारखान्यात जाते. तिथे हेक्झेनमध्ये भिजवली की उरलेलं तेल त्यात विरघळून येतं आणि पेंडीत जेमतेम एक टक्का राहतं. सौराष्ट्रातल्या कुठल्याही तेलवाल्याला हे पाठ आहे, की दाबाचं काम संपलं तिथे विरघळण्याचं काम सुरू होतं. आपली घट्ट खडकातली विहीर म्हणजे एकदाच दाबून सोडून दिलेली पेंड आहे. आणि ही पेंड नव्वद टक्के भरलेली आहे.

पाणी ढकलून उरलेलं तेल रेटण्याची जुनी पद्धत इथे चालत नाही. अंकलेश्वरच्या वाळूत ती चालली, कारण तिथे पाण्याला खडकातून वाट मिळाली. घट्ट खडकात पाणी आत शिरत नाही, आणि शिरलं तर सरळ भेगा धरून शेजारच्या विहिरीत निघतं. तेल जागच्या जागी राहतं. म्हणून गेल्या काही वर्षांत जी पद्धत पुढे आली ती भिजवण्याच्या जवळची आहे. एकाच विहिरीतून काही आठवडे वायू कोंडायचा, मग विहीर बंद ठेवून त्याला खडकात मुरू द्यायचं, आणि मग तीच विहीर उघडायची. कोंडा, मुरवा, सोडा. इंग्रजीत याला 'हफ-अँड-पफ' म्हणतात. वायू तेलात मिसळतो, तेल फुगतं, पातळ होतं आणि भेगेकडे सरकतं. हेच चक्र पुन्हा पुन्हा करायचं. टेक्सासमधल्या ईगल फोर्ड भागात 2013 पासून हे प्रयोग झाले. ते करणाऱ्या कंपनीने वाढीव तेलाचे जे अंदाज दिले, ते मूळ अपेक्षेच्या 30 ते 70 टक्के होते.

हे आकडे सांगून थांबलो तर तुमची फसवणूक होईल. बाकेनमध्ये आधी झालेले असेच प्रयोग बहुतांशी फसले. वायू आत जायला अडचण आली नाही, पण तो भेगांतून शेजारच्या विहिरीत निसटला आणि तेल फारसं वाढलं नाही. ईगल फोर्डमध्ये जमलं, त्याचं मोठं श्रेय वरखालच्या बंदिस्त थरांना आणि शेजारच्या विहिरींचा एकत्र विचार करण्याला आहे. याचा सरळ अर्थ असा की दुसऱ्या फेरीचं यश पहिल्या फेरीतच ठरतं. विहिरी किती अंतरावर खोदल्या, भेगा कुठवर गेल्या, पाइपभोवतीचं सिमेंट नीट बसलं का, दाब फार खाली जाऊ दिला का, हे सगळं पहिल्या दिवसापासून ठरत जातं. पहिल्या महिन्याच्या धारेसाठी हावरेपणाने भेगा पाडल्या, तर दुसऱ्या फेरीत वायू कोंडायला जागाच उरत नाही.

माझ्या मनात राहून गेलेला एक प्रसंग आहे. एका कचेरीत नव्या आडव्या विहिरीचं सादरीकरण होतं. पहिल्या तीस दिवसांचा आकडा पडद्यावर आला तेव्हा टाळ्या पडल्या. आकडा चांगलाच होता, टाळ्या चुकीच्या नव्हत्या. दीड वर्षाने मी त्याच विहिरीचा आलेख मागितला, तेव्हा कळलं की तिच्यावर नियमित दाब-चाचणीच झालेली नाही. विहीर पंपावर होती, शेपटीत होती आणि कुणाच्याच यादीत नव्हती. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. चाचणी का नाही झाली, हे मी विचारायला हवं होतं आणि ते सहाव्या महिन्यात विचारायला हवं होतं. दाब मोजला नाही म्हणजे विहिरीत काय उरलं हे कळण्याचा मुख्य रस्ता आपण बंद केला.

2018च्या धोरणाची आठवण इथे करून द्यायला हवी, कारण ते चांगलं धोरण आहे. त्यात घट्ट खडकांचं तेल आणि वाढीव उत्खननाच्या पद्धती या दोन्हींसाठी सेस-रॉयल्टीत सूट आहे, दहा वर्षांपर्यंत. सरकारचं गणित असं होतं की मूळ साठ्यातून पाच टक्के जास्त तेल काढता आलं, तर वीस वर्षांत 12 कोटी टन अधिक तेल मिळेल. म्हणजे वर्षाला सरासरी 60 लाख टन, आजच्या देशी उत्पादनाचा पाचवा हिस्सा. देशाच्या गरजेपुढे हे थोडं आहे, दोन-अडीच टक्के. पण नवा शोध न लावता, आधीच खोदलेल्या, रस्ते आणि पाइपलाइन असलेल्या जागेतून येणारं हे तेल आहे.

आता यातली मेख पाहा. सूट मिळते ती 'वाढीव' उत्पादनावर. वाढीव कशापेक्षा? काहीच केलं नसतं तर विहीर जितकं देत गेली असती, त्यापेक्षा. तो पायाभूत आलेख कसा काढला, कुठल्या आकड्यांवरून, हे लोकांना दिसत नसेल, तर सार्वजनिक पैशातून दिलेल्या सवलतीचा हिशेब आपण केवळ विश्वासावर मान्य करतो आहोत. मला कुणावर संशय घ्यायचा नाही. पण आलेख काढणारा, तो तपासणारा आणि त्याचा लाभ घेणारा यांच्याखेरीज चौथ्या माणसाला तो पाहता आला, तर तो नीट काढला जाण्याची शक्यता वाढते. अभियंत्यालाही ते हवंच असतं. चुका आपल्याला दिसण्याआधी दुसऱ्याला दिसाव्यात, असं आम्ही शिकलो.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात प्रत्येक विहिरीचं महिन्याचं तेल, वायू आणि पाणी सरकारी संकेतस्थळावर असतं. नॉर्वे विहिरींची माहिती ठरावीक काळानंतर खुली करतो, आणि तिथल्या तेलक्षेत्रांतून सरासरी 46-47 टक्के तेल निघतं. एवढं तेल फक्त माहिती खुली केल्यामुळे निघतं असं मी म्हणणार नाही. तिथले खडक चांगले आहेत. पण शेजाऱ्याने काय केलं हे दिसत असलं, की प्रत्येकाला तीच चूक स्वतःच्या पैशाने करावी लागत नाही. आपल्याकडे 2017 पासून राष्ट्रीय डेटा भांडार आहे. ते उपयोगी आहे, पण ते मुख्यतः नवे ब्लॉक घेणाऱ्या कंपन्यांसाठी रचलेलं आहे. दर महिन्याला जे आकडे सर्वांना दिसतात ते कंपनीनिहाय, राज्यनिहाय असतात. विहीर त्यात दिसत नाही.

गुपित फुटेल, हा आक्षेप नेहमी येतो. शोध चालू असताना तो मला मान्य आहे. विहीर उत्पादनात आल्यावर दोन वर्षं थांबा, मग खुलं करा. घट्ट खडकाच्या विहिरीचं महत्त्वाचं उत्पादन दोन वर्षांत होऊन जातं, त्यानंतर लपवण्यासारखं फार काही उरत नाही. उरतं ते खालचं तेल.

दुसरी बाजू पाण्याची आहे आणि बडोदेकराने ती विचारलीच पाहिजे. अमेरिकी अनुभवात एका आडव्या विहिरीत भेगा पाडायला कोटी-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं, मोठ्या विहिरींना त्याहून जास्त. माणशी 135 लिटरच्या सरकारी मापाने दोन कोटी लिटर म्हणजे सुमारे दीड लाख माणसांचं एका दिवसाचं पाणी. ऐकायला धक्का बसतो, पण हे विहिरीमागे एकदाच लागतं. मला जास्त चिंता वाटते ती परत येणाऱ्या खारट, रसायनं मिसळलेल्या पाण्याची. भेगा खाली किलोमीटरांच्या खोलीवर असतात, त्या आपल्या बोअरपर्यंत येत नाहीत. पाणी बिघडतं ते मध्ये, सिमेंटच्या खराब कामातून, किंवा वर, खड्ड्यात आणि नाल्यात. नंदेसरीच्या कारखान्यांच्या आसपासच्या माणसाला नाला म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून विहीरनिहाय आकड्यांत पाणी किती आत गेलं, किती परत आलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे तेलाच्या आकड्याशेजारीच छापलं गेलं पाहिजे. कोंडा-मुरवा-सोडा पद्धतीचा इथे एक मोठा गुण आहे. तिला पाणी जवळजवळ लागत नाही.

मग वायू कुठला कोंडायचा? विहिरीबरोबर येणारा नैसर्गिक वायू आपल्याकडे घराघरांत आणि कारखान्यांत विकला जातो, तो परत जमिनीत घालणं परवडणारं नाही. पण कोयलीला हायड्रोजन बनवणाऱ्या संयंत्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, चिमणीच्या धुरापेक्षा बराच दाट. 2019 मध्ये ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांनी करार केला की कोयलीचा हा वायू पकडून भरूच जिल्ह्यातल्या गंधार क्षेत्रात सोडायचा आणि तिथलं तेल वाढवायचं. गंधार हा तुलनेने मोकळा वाळूखडक आहे, सुरुवातीला तीच जागा योग्य. पण तो नळ एकदा भरूचच्या दिशेने गेला, की घट्ट थरांमधल्या काही विहिरी त्याच्या आवाक्यात आणता येतात. ही तयारी आत्ताच, आराखड्यातच करायला हवी. या वायूचं पाण्याशी मिळून आम्ल होतं, ते जुनं पोलाद आणि सिमेंट खातं. ज्या विहिरीला पुढे हा वायू पाजायचा, तिचे पाइप आज त्या हिशेबाने निवडावे लागतात. दहा वर्षांनी आठवण झाली तर विहीर पुन्हा खोदण्याइतका खर्च येईल.

याला हिरवं तेल म्हणण्याचा मोह होईल, तो टाळावा. एक बॅरल तेल जाळलं की सुमारे 0.4 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि एका बॅरलमागे जमिनीत तेवढा राहीलच असं नाही. माझं समर्थन वेगळं आहे. सौरऊर्जेचा पसारा वाढत असतानाही पुढची काही दशकं आपण तेल वापरणार आहोत, आणि ते मुख्यतः समुद्रावरून येणार आहे. जी विहीर आधीच खोदली, जिच्यासाठी शेतकऱ्याची जमीन घेतली, रस्ता पाडला, पाणी वापरलं, तिच्यातून आणखी तेल काढणं हे शेजारी दुसरी विहीर खोदण्यापेक्षा कमी नुकसानीचं आहे. आमोद-जंबुसरकडच्या कापसाच्या शेतकऱ्याला हा फरक लगेच कळतो.

धीराबद्दलही बोललं पाहिजे, आणि त्यासाठी परदेशात जायची गरज नाही. मेहसाण्याच्या बलोल क्षेत्रात तेल इतकं दाट होतं की ते सहज वाहायचं नाही. तिथे हवा सोडून जमिनीतच तेलाचा थोडा भाग पेटवायचा आणि त्या उष्णतेने बाकीचं हलवायचं, असा प्रयोग 1990 मध्ये सुरू झाला. व्यापारी पातळीवर तो 1997 मध्ये आला. सात वर्षं. मधल्या काळात कुणी पहिल्या तिमाहीच्या आकड्यावरून तो बंद केला असता, तर बलोलचं बरंच तेल तिथेच राहिलं असतं. घट्ट खडकाला एवढाच वेळ द्यायला हवा, पण मोजमाप करत आणि मोजलेलं दाखवत.

माहिती लोकांसाठी खुली करणं बडोद्याला नवं नाही. 1910 मध्ये सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून या संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभारलं. मांडवीजवळच्या त्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी शाळेच्या वयात तासन्तास बसलो आहे. 1890 मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनातून आजची अभियांत्रिकी शाखा वाढली. तेलाच्या खोऱ्याच्या मधोमध विद्यापीठ आहे, भूशास्त्र विभाग आहे, शिकणारी मुलं आहेत. त्यांच्या हाती विहिरींचे आकडे असते, तर दुसऱ्या फेरीसाठी कुठल्या विहिरी योग्य, हे शोधायला पन्नास जोडी डोळे आयते मिळाले असते.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घेऊन माझ्याकडे आली. विषय आडव्या विहिरींच्या घसरणीचा. तिला खंभातच्या खोऱ्यावर काम करायचं होतं, तिचे आजोबा अंकलेश्वरला रिगवर होते. दोन महिने तिने अर्ज केले, चकरा मारल्या. शेवटी नॉर्थ डकोटाच्या संकेतस्थळावरून तिने एका दुपारी साठ विहिरींचे आकडे उतरवून घेतले आणि प्रकल्प पुरा केला. काम उत्तम झालं. खंभातचं नाव त्यात पहिल्या पानावर आहे, प्रस्तावनेत.